इस्लाममध्ये नैतिक शिक्षण म्हणजे फक्त नियमांची यादी आणि नरकाची भीती असते का?

तुमचा प्रश्न असा आहे की, मुलांना चांगलं-वाईट शिकवायची इस्लाममध्ये काही विचारपूर्वक पद्धत आहे, की हलाल-हरामची यादी घोकून घ्यायची आणि वर जहन्नमची भीती घालायची, एवढंच चालतं? मी लहान मुलांना दीनियात, म्हणजे इस्लामचं धर्मशिक्षण शिकवतो, त्यामुळे हा प्रश्न माझ्या रोजच्या कामातला आहे. जरा सविस्तर लिहितो.

भीती आहे, ती मी नाकारणार नाही. कयामतचा (अंतिम न्यायाचा) दिवस, तिथला हिशेब, जन्नत, जहन्नम हे कुरआनात वारंवार येतं. पण नुसत्या भीतीने माणूस फार तर वाईट काम टाळतो, त्याचा स्वभाव बदलत नाही. आणि ज्याला आम्ही अखलाक, म्हणजे शील किंवा चारित्र्य म्हणतो, त्याचा सगळा भर स्वभावावर आहे. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी आपल्याला कशासाठी पाठवलं गेलं हे सांगताना उत्तम अखलाक पूर्णत्वाला नेण्याचा उल्लेख केला. त्यांच्या मागे त्यांच्या पत्नी हजरत आयशा (र.) यांना कुणी विचारलं की त्यांचे अखलाक कसे होते, तर त्या म्हणाल्या, त्यांचे अखलाक म्हणजे कुरआनच. म्हणजे ग्रंथात जे लिहिलंय ते या माणसाच्या वागण्यात दिसत होतं.

थोर धर्मपंडित इमाम गजाली (१०५८–११११) यांच्या ‘इह्या उलूमिद्दीन’ या ४० भागांच्या ग्रंथात एक अख्खा भाग नफ्सला, म्हणजे मनातल्या ओढींना वळण लावण्यावर आणि अखलाक सुधारण्यावर आहे. त्यांचं म्हणणं असं की, एखाद्याने लहर आली म्हणून एकदा दानधर्म केला, एवढ्याने तो उदार ठरत नाही. देणं ज्याच्या इतकं अंगवळणी पडलंय की देताना त्याला मनाशी झगडावं लागत नाही, तो उदार. मग स्वभावाला औषध नाही म्हणतात त्याचं काय? हा आक्षेप त्यांच्या काळातही घेतला जायचा. त्यावर ते विचारतात, स्वभाव बदलतच नसता तर उपदेश आणि शिस्त यांना काही अर्थ उरला असता का? रानातलं जनावरसुद्धा माणसाळतं, मग माणसाचं का होऊ नये? त्यांनी सांगितलेला उपाय सोपा नाही, पण स्पष्ट आहे. जो गुण आपल्यात कमी आहे, तो असलेल्या माणसासारखं वागायला लागायचं. हात आखडता असेल तर मन मारून द्यायचं. सुरुवातीला ते ओढूनताणून होतं, करत राहिलं की सहज होऊ लागतं.

त्यांचा आणखी एक मुद्दा मला फार मोलाचा वाटतो. राग आणि वासना मुळासकट उपटून टाका, असं ते म्हणत नाहीत. राग पूर्ण मेला तर माणूस स्वतःचा बचावही करणार नाही आणि दुसऱ्यावरच्या अन्यायानेही पेटून उठणार नाही. कुरआनात (सूरह म्हणजे अध्याय आले-इम्रान, आयत म्हणजे वचन १३४) राग गिळणाऱ्यांची तारीफ आहे, राग येतच नाही अशांची नाही. एका माणसाने प्रेषितांकडे नसीहत मागितली तेव्हा त्यांनी पुन्हा पुन्हा एकच सांगितलं, रागावू नकोस. पण राग आल्यावर नेमकं काय करायचं, तेही दुसऱ्या हदीसमध्ये, म्हणजे प्रेषितांच्या उक्ती-कृतींच्या नोंदीत आहे. उभे असाल तर बसा, तरीही राग गेला नाही तर आडवे व्हा. मुलांना असा हाताशी धरण्यासारखा उपाय लागतो. नुसता ‘राग वाईट’ असा धडा त्यांच्या काही कामाचा नसतो.

आता शिकवायचं कसं? बाप मुलाशी कसा बोलतो याचा नमुना कुरआनातच आहे, सूरह लुकमान, आयत १२ ते १९. लुकमान आपल्या मुलाला दर वेळी लाडाने हाक मारून सांगतात. अल्लाहबरोबर कुणाला भागीदार करू नकोस, हे पहिलं. मध्ये आई-वडिलांबद्दलच्या दोन आयती येतात आणि त्यात एक अवघड प्रसंगही घेतलाय: आई-वडीलच तुला शिर्ककडे (अल्लाहबरोबर भागीदार मानण्याकडे) ओढत असतील तर तेवढं ऐकू नकोस, पण या जगात त्यांच्याशी चांगलंच वाग. आज्ञा मोडायची मुभा आहे, बोलणं-वागणं बिघडवायची नाही. पुढे लुकमान म्हणतात, कर्म मोहरीच्या दाण्याएवढं असलं आणि खडकात दडलेलं असलं, तरी अल्लाह ते समोर आणेल. मग नमाज, चांगल्याचा आग्रह, वाईटाला अटकाव, सब्र (धीर). आणि शेवटी लोकांकडे पाहून गाल फुगवू नकोस, जमिनीवर तोऱ्यात चालू नकोस, आवाज खाली ठेव. ईमानपासून (श्रद्धेपासून) सुरू झालेली नसीहत चालण्या-बोलण्याच्या ढबीपर्यंत येते. तुम्ही ज्या भीतीबद्दल विचारलंत, ती इथे मोहरीच्या दाण्याच्या रूपाने आहे, पण ती सांगणाऱ्याचा सूर मायेचा आहे.

प्रेषितांची स्वतःची पद्धत पाहिली तर हे आणखी नीट कळतं. उमर इब्न अबी सलमा हे त्यांच्या घरात वाढलेले. लहानपणी जेवताना त्यांचा हात ताटभर फिरायचा. प्रेषित एवढंच म्हणाले, बाळ, अल्लाहचं नाव घे, उजव्या हाताने खा आणि आपल्या पुढ्यातलं खा. तीन छोट्या सूचना, त्याही काय कर हे सांगणाऱ्या. ते पुढे सांगतात की, तेव्हापासून मी तसाच जेवत आलोय.

दुसरा प्रसंग जास्त अवघड आहे. एक तरुण येऊन उघडपणे म्हणाला, मला व्यभिचाराची परवानगी द्या. जमलेले लोक त्याच्यावर तुटून पडले. प्रेषितांनी त्याला जवळ बोलावून बसवलं आणि विचारलं, तुझ्या आईच्या बाबतीत हे तुला चालेल? तो म्हणाला, नाही. लोकांनाही आपल्या आईच्या बाबतीत चालत नाही, ते म्हणाले. मग मुलगी, बहीण, आत्या, मावशी, प्रत्येकीबद्दल हाच प्रश्न. शेवटी त्याच्यावर हात ठेवून दुआ केली की याचा गुन्हा माफ कर, याचं मन स्वच्छ कर. या साऱ्या संवादात जहन्नमचा उल्लेख नाही. त्याला दुसऱ्याच्या जागी उभं केलं, विचार त्याच्याकडूनच करून घेतला, आणि चारचौघांत त्याचा पाणउतारा होऊ दिला नाही. किशोरवयीन मुलं नको ते प्रश्न विचारतात तेव्हा कितीतरी मोठी माणसं त्यांना गप्प बसवतात. त्यांनी ही हदीस एकदा शांतपणे वाचावी, असं मला मनापासून वाटतं.

मारण्याबद्दलही बोलायला हवं, कारण तुमच्या प्रश्नामागे ती शंका असणार. अबू दाऊदच्या संग्रहात हदीस आहे की मूल सात वर्षांचं झालं की त्याला नमाज सांगा, आणि दहाव्या वर्षी टाळत असेल तर मारा. पुष्कळांना यातला शेवटचा शब्दच आठवतो. सात ते दहा ही तीन वर्षं, दिवसातून पाच वेळा, प्रेमाने सांगायची आहेत, हे विसरलं जातं. पुढच्या फकीहांनी (धर्मकायद्याच्या जाणकारांनी) त्या मारण्यालाही बंधनं घातली. तोंडावर नाही, इजा होईल असं नाही. आणि स्वतः प्रेषितांबद्दल हजरत आयशा (र.) सांगतात की, युद्धाचा प्रसंग सोडला तर त्यांनी कधीच कुणावर हात उचलला नाही, बाईवर नाही, नोकरावरही नाही. हजरत अनस (र.) लहानपणापासून दहा वर्षं त्यांच्या सेवेत होते. ते म्हणतात, त्यांनी मला कधी ‘हं’ सुद्धा केलं नाही, किंवा हे का केलंस, ते का केलं नाहीस असं विचारलं नाही. इतिहासकार इब्न खल्दून (१३३२–१४०६) यांनी ‘मुकद्दिमा’ या ग्रंथात लिहिलंय की, शिकणाऱ्यावर जबरदस्ती केली की तो खोटं बोलायला आणि मनातलं लपवायला शिकतो, आणि हळूहळू फसवेगिरीच त्याचा स्वभाव होऊन बसते. मी छडीशिवाय शिकवतो, आणि यामागे मला काही नवीन शोधून काढायची गरज पडली नाही. हे सगळं परंपरेतच आहे.

शिकवणाऱ्याचं वागणं किती बारकाईने तपासलं जातं, यावर एक हदीस. एक आई आपल्या मुलाला हाक मारत होती, ये, तुला काहीतरी देते. प्रेषितांनी विचारलं, काय देणार होतीस? ती म्हणाली, खजूर. तेव्हा ते म्हणाले, काही दिलं नसतंस तर तुझ्या नावावर एक खोटं लिहिलं गेलं असतं. मुलाला भुलवण्यासाठी बोललेलं छोटंसं खोटंही इथे खोटंच मोजलं जातं. दुसरी गोष्ट नोमान इब्न बशीर यांची. त्यांच्या वडिलांनी एकट्या त्यांनाच भेट दिली आणि प्रेषितांना साक्षीला बोलावलं. प्रेषितांनी विचारलं, सगळ्या मुलांना असंच दिलंस का? नाही, हे ऐकल्यावर ते साक्षीदार झाले नाहीत. अल्लाहला भ्या आणि मुलांमध्ये इन्साफ करा, असं त्यांनी बजावलं. भीती इथे आली, पण बघा, ती बापाला दाखवली आहे.

नमाज-रोजा या इबादतींचा (उपासनांचा) अखलाकशी संबंध काय, असंही लोक विचारतात. रोज्याचंच घ्या. मूल एकटं असताना घोटभर पाणी प्यायलं तर जगात कुणालाही कळणार नाही. तरी ते पीत नाही. हदीसमध्ये ज्याला एहसान म्हटलंय, म्हणजे तू अल्लाहला पाहतोयस असं समजून इबादत कर, आणि तसं जमलं नाही तरी तो तुला पाहतोय हे जाण, त्याचा पहिला अनुभव मुलाला बहुधा रोज्यातच येतो. आणि जो खोटं बोलणं सोडत नाही, त्याच्या अन्नपाणी सोडण्याची अल्लाहला गरज नाही, अशीही हदीस आहे.

यापुढचा भाग माझ्या मते सगळ्यात कमी शिकवला जातो, तो म्हणजे हुकूकुल-इबाद, माणसांचे एकमेकांवरचे हक्क. प्रेषितांनी एकदा सोबत्यांना विचारलं, कंगाल कोण? ते म्हणाले, ज्याच्याकडे दिरहम नाही, सामान नाही तो. प्रेषित म्हणाले, माझ्या उम्मतमधला (अनुयायांमधला) कंगाल तो, जो कयामतच्या दिवशी नमाज, रोजे, जकात घेऊन येईल, पण त्याने कुणाला शिवी दिलेली असेल, कुणावर आळ घेतलेला असेल, कुणाचा माल खाल्लेला असेल, कुणाला मारलेलं असेल. त्याची पुण्यं त्या लोकांना वाटली जातील, आणि ती संपली की त्यांची पापं याच्या डोक्यावर येतील. सूरह मुतफ्फिफीनची सुरुवातच मापात मारणाऱ्यांना बजावण्याने होते. सूरह माऊनमध्ये, नमाज पढूनही दाखवेगिरी करणाऱ्या आणि शेजाऱ्याला साधी वापरायची वस्तूसुद्धा न देणाऱ्याला सुनावलंय. सूरह हुजुरातच्या ११ आणि १२ या दोन आयतींत टिंगल, टोमणे, वाईट टोपणनावं, नाहक संशय, पाळत ठेवणं आणि गीबत (पाठीमागे निंदा) हे सारं निषिद्ध केलंय. गीबत म्हणजे मेलेल्या भावाचं मांस खाणं, अशी उपमा तिथे आहे. मुलं लगेच म्हणतात, पण तो खरंच तसा आहे! हाच प्रश्न सोबत्यांनीही विचारला होता. उत्तर मिळालं, खरं असेल तरच ती गीबत, नसेल तर तो बोहतान, म्हणजे खोटा आळ.

हे हक्क फक्त मुसलमानांपुरते नाहीत. सूरह माइदाच्या ८ व्या आयतीत सांगितलंय की, एखाद्या समाजाबद्दलच्या द्वेषापायी इन्साफ सोडू नका. एका यहुद्याचा जनाजा जाताना प्रेषित उभे राहिले. लोक म्हणाले, तो तर यहुदी आहे. ते म्हणाले, तोही एक जीवच ना?

म्हणून हिशेबाची भीती मी मुलांना शिकवतो, पण ती माणसांच्या हक्कांशी जोडून. बुखारीच्या संग्रहात हदीस आहे की, ज्याने आपल्या भावावर जुलूम केला असेल, त्याने आजच त्याच्याकडून मोकळं व्हावं, कारण त्या दिवशी दीनार-दिरहम चालणार नाहीत. वर्गात कुणी दुसऱ्याची पेन्सिल घेतली किंवा कुणाला चिडवून रडवलं, तर मी त्याला आधी तौबा (अल्लाहकडे पश्चात्ताप) करायला सांगत नाही. आधी वस्तू परत दे, ज्याला दुखवलंस त्याच्याकडे जाऊन माफी माग, मग अल्लाहकडे माग. अल्लाहच्या हक्कात कसूर झाली तर तो माफ करणारा आहे, पण दुसऱ्याचा हक्क परत केल्याशिवाय किंवा त्याने माफ केल्याशिवाय तौबा पुरी होत नाही, हे आलिम (धर्मपंडित) सांगतात. आणि त्याने माफ नाहीच केलं तर, असं एखादं मूल विचारतंच. त्याला मी सांगतो की, त्याचं जे नुकसान झालंय ते भरून दे, त्याच्यासाठी दुआ कर आणि काही दिवसांनी पुन्हा जाऊन विचार.