विहीर, टाकी आणि चार नँड गेट

प्रश्न : केळीच्या मळ्यातील आमची मोटार विहिरीत पाणी असेल तरच चालावी आणि टाकी भरली की थांबावी; मात्र भरल्या टाकीतही ठिबकला थेट पाणी द्यायचे झाल्यास बटण दाबून ती चालवता यावी, अशी इच्छा आहे. बारावीच्या गणितातली सत्यता सारणी मांडली, तेव्हा आठपैकी तीन ओळींत मोटार चालते असे आले; पण त्यावरून आखलेल्या सर्किटला गेट (‘आणि’, ‘किंवा’, ‘नाही’ अशा क्रिया करणारे छोटे सर्किट) फार लागतात. ती कमी होतील का?
– एक वाचक, यावल तालुका

उत्तर : आपली सारणी अचूक आहे. ‘विहिरीत पाणी आहे’ या विधानाला व, ‘टाकी भरली आहे’ याला ट आणि ‘बटण दाबले आहे’ याला ह म्हणू. मोटार चालण्याच्या तीन ओळींपैकी दोन ओळींत टाकी भरलेली नाही. तेथे बटणाने फरक पडत नसल्यामुळे ‘व आणि ट नाही’ एवढेच उरते. बटण दाबलेल्या दोन ओळींत टाकीने फरक पडत नाही, म्हणून ‘व आणि ह’ उरते. यात दोन्हीकडे येणारी ओळ (टाकी भरलेली नाही, बटण दाबलेले) दोनदा वापरली गेली तरी चूक होत नाही, कारण विधान स्वतःशीच ‘किंवा’ने जोडल्यास त्याचे सत्यमूल्य बदलत नाही. अखेर ‘व आणि (ट नाही किंवा ह)’ हे सूत्र मिळते. यातला कंस मला फार मोलाचा वाटतो, कारण तो म्हणजेच ‘ट तर ह’ : टाकी भरली असेल, तर बटण दाबलेले असलेच पाहिजे. विधानांचे हे गणित स्विच आणि रिले (विजेने चालू-बंद होणारा स्विच) यांना लागू पडते, हे अमेरिकन गणितज्ञ क्लॉड शॅनन यांनी १९३७ साली आपल्या एमआयटीतील प्रबंधात दाखवले.

आता नँड गेट घ्यावे; दोन्ही इनपुट सत्य असतील तेव्हाच त्याचे आउटपुट असत्य असते, एरवी सत्य. पहिल्याच्या दोन्ही इनपुटांना ह दिल्यास ‘ह नाही’ मिळते. ते आणि ट दुसऱ्याला दिले की कंस तयार होतो. तो आणि व तिसऱ्याला द्यावेत आणि तिसऱ्याचे आउटपुट चौथ्याने उलटवावे. ७४एचसी०० या १४ पिनांच्या आयसीत (चिपमध्ये) नेमकी चारच नँड गेट असतात.

आयसीचे ५ व्होल्टचे आउटपुट ट्रान्झिस्टरमार्फत रिलेला द्यावे; रिले आणि स्टार्टर यांची जोडणी मात्र वायरमनकडूनच करून घ्यावी. मळ्यात वायर तुटतेच, म्हणून व आणि ह यांच्या इनपुटांपासून ग्राउंडकडे १० किलोओहमचा एकेक रेझिस्टर लावावा, म्हणजे तुटलेली वायर ‘पाणी नाही’ किंवा ‘बटण दाबलेले नाही’ असेच सांगेल आणि मोटार कोरडी चालणार नाही. ट साठी तोच रेझिस्टर ५ व्होल्टकडे लावावा आणि टाकीतला फ्लोट स्विच टाकी भरलेली नसताना ग्राउंडला जोडला जाईल असा बसवावा. तेथील वायर तुटली, तर सर्किट टाकी भरली असे समजून मोटार थांबवील.