पायांची खाज आणि न भरणारे तोंड

प्रश्न : आम्ही यावल तालुक्यात राहतो आणि माझे पती केळीच्या बागेत अनवाणी काम करतात. पावसाळ्यात त्यांच्या पायाच्या बोटांच्या बेचक्यांत पुळ्या येऊन भयंकर खाज सुटली होती. चिखल्या समजून आम्ही मेंदी लावली आणि पंधरा दिवसांत त्या पुळ्या गेल्या. दिवाळीनंतर मात्र ओठांचे कोपरे फाटले, जीभ अशी झोंबू लागली की भरीत सोडाच, दूध-भाकरीही नकोशी झाली. हिमोग्लोबिन ७.२ निघाले आणि शौचाच्या तपासणीत अंकुशकृमीची अंडी दिसली. जंतांची गोळी घेऊन वीस दिवस झाले, तरी तोंड तसेच आहे. जंतांचा तोंडाशी काय संबंध?

उत्तर : संबंध आहे, पण आडवळणाचा. ज्यांना आपण चिखल्या समजलात, ती बहुधा अंकुशकृमीच्या अळ्या कातडीतून आत शिरल्याची खूण होती. उघड्यावरच्या शौचातून मातीत गेलेली अंडी केळीखालच्या सावलीत आणि ओलीत एक-दोन दिवसांत फुटतात, पाच ते दहा दिवसांत त्यांतल्या अळ्या कातडी भेदण्याजोग्या होतात, आणि मग रक्तातून फुप्फुसात, तिथून घशात येऊन गिळल्या गेल्या की लहान आतड्यात ठाण मांडतात. एका कृमीपायी दिवसाला ०.२ मिलिलिटरपर्यंत रक्त जाऊ शकते. हे जेमतेम चार थेंब झाले, पण असे शंभर कृमी असतील तर महिन्याला अर्ध्या लिटरहून अधिक.

रक्ताबरोबर लोह जाते. तोंडाचे अस्तर सतत नव्याने घडत असल्यामुळे लोहाचा तुटवडा तिथे लवकर उमटतो : जिभेवरचे बारीक काटे झिजून ती गुळगुळीत होते, ओठांचे कोपरे चिरतात आणि त्या चिरांत बरेचदा बुरशीही वाढते. आपल्याकडे हे सारे ‘उष्णता झाली’ म्हणून गुलकंदावर सोपवतात, आणि त्यात महिने निघून जातात.

जंतांच्या गोळीने टाकीचे भोक बुजले. टाकी भरायची राहिली आहे. लोहाच्या गोळ्या डॉक्टरांच्या सल्ल्याने सुरू कराव्यात आणि हिमोग्लोबिन पूर्ववत झाल्यावरही सुमारे तीन महिने चालू ठेवाव्यात. गोळी चहासोबत घेऊ नये, लिंबू-पाण्यासोबत घ्यावी. शौच काळे झाले तर घाबरू नये. कोपऱ्यांच्या चिरांसाठी बुरशीनाशक मलम लागेल का, हे डॉक्टरांना दाखवून ठरवावे आणि त्याच वेळी साखर तपासून घ्यावी. शौचाची तपासणी पुन्हा करावी, कारण एका मात्रेत सगळे कृमी जातीलच असे नाही, आणि बागेत बूट घातले नाहीत तर नवे येतच राहतील. पती तंबाखू खात असतील आणि तोंडात एकाच जागी टणक कडांची जखम तीन आठवडे टिकली असेल, तर तिचा दोष जंतांना न देता ती ताबडतोब दंतवैद्यांना दाखवावी.