वाचकांचे प्रश्न : समुद्राखालचे पहिले चित्रीकरण

प्रश्न : मुलांना १९१६ सालचा एक अमेरिकन मूकपट दाखवला. त्यात समुद्रतळाची दृश्ये आहेत आणि मोती काढणाऱ्या पाणबुड्यावर ऑक्टोपस झडप घालतो. त्या काळी हे चित्रीकरण कसे केले असेल? ऑक्टोपस खरा होता का? आणि अशा चित्रीकरणाचा सागरी जीवांच्या अभ्यासाला काही उपयोग झाला का?
— एक वाचक, गंगापूर रोड, नाशिक

उत्तर : त्या चित्रीकरणात कॅमेरा भिजलाच नव्हता. ते करणाऱ्या जॉन अर्नेस्ट विल्यमसन यांचे वडील जहाजाचे कप्तान होते आणि बुडालेल्या जहाजांच्या कामासाठी त्यांनी लोखंडी कड्यांची, हवी तेवढी लांबवता येणारी रुंद नळी तयार केली होती. मुलाने तिच्या खालच्या टोकाला जाड काचेची खिडकी असलेली पोलादी खोली जोडली. नळीचे वरचे तोंड बार्जवर उघडेच असल्यामुळे खोलीत हवेचा दाब जमिनीवरच्याइतकाच राही आणि छायाचित्रकाराला साध्या कपड्यांत बसून कॅमेऱ्याचा दांडा फिरवता येई. बाहामा बेटांजवळचे असे पहिले चित्रीकरण १९१४ सालचे, म्हणजे त्र्यंबकेश्वरी जन्मलेल्या दादासाहेब फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ पडद्यावर आल्यानंतर वर्षभरातच झालेले. ऑक्टोपस मात्र कृत्रिम होता.

पाणी अडवण्यापेक्षा उजेड मिळवणे अधिक कठीण होते, असे माझे मत आहे. फ्रेंच जीवशास्त्रज्ञ लुई बुताँ यांनी १८९३ साली बान्यूल्सच्या किनाऱ्यावर पाण्याखाली छायाचित्रे घेतली, तेव्हा ऑक्सिजनने भरलेल्या पिंपावर काचेच्या घुमटाखाली स्पिरिटचा दिवा पेटता ठेवून, रबरी फुग्याने त्या ज्योतीवर मॅग्नेशियमची पूड उडवण्याची तजवीज करावी लागली होती. रंगांची अडचण आणखी वेगळी. पाणी तांबडा प्रकाश आधी शोषून घेते, त्यामुळे थोड्याच मीटर खोलीवर लाल मासाही करडा दिसू लागतो. १९२६ साली फ्लोरिडाजवळच्या ड्राय टॉर्टुगास बेटांपाशी विल्यम लाँगली आणि चार्ल्स मार्टिन यांनी पाण्याखालची पहिली रंगीत छायाचित्रे घेतली, ती तराफ्यावर मॅग्नेशियमच्या पुडीचा भडका उडवून. त्या काळी रंगीत छायाचित्रे ज्या काचांवर घेत, त्या प्रकाशाला इतक्या मंद प्रतिसाद देत की एवढा धोका पत्करल्याशिवाय चित्र उमटलेच नसते.

अभ्यासाला उपयोग निश्चितच झाला. लाँगली स्वतः प्रवाळातील माशांचे अभ्यासक होते आणि त्यांना मासे बाटलीतल्या नमुन्यात नव्हे, त्यांच्या वस्तीत पाहायचे होते. फ्रान्समधील जाँ पँलव्हे यांनी १९३० च्या दशकात समुद्रघोड्यांवर लघुपट केला. त्यात नर आपल्या पोटाच्या पिशवीतून पिल्ले बाहेर टाकताना दिसतो. त्यातील बरेचसे चित्रीकरण मत्स्यालयाच्या टाकीतले आहे, पण म्हणून त्याचे मोल कमी मानण्याचे कारण नाही.

माणूस कॅमेरा घेऊन मोकळा पोहू लागला तो खऱ्या अर्थाने १९४३ नंतर, फ्रेंच नौदल अधिकारी झाक कुस्तो आणि अभियंता एमिल गान्याँ यांनी श्वासागणिक लागेल तेवढीच हवा देणारे उपकरण बनवल्यावर. त्याआधीचा कुस्तो यांचा १९४२ चा लघुपट श्वास रोखून बुड्या मारत चित्रित झाला होता; युद्धामुळे फिल्मची टंचाई होती, तेव्हा साध्या छायाचित्रणाचे रोल एकमेकांना जोडून वापरले गेले. त्यांच्या १९५६ च्या माहितीपटाला कान महोत्सवाचे सर्वोच्च पारितोषिक मिळाले खरे. पण त्यात माशांची गणती करण्यासाठी प्रवाळात सुरुंग उडवल्याचे दृश्य आहे. मुलांना तो दाखवणार असाल, तर ते आधी सांगून ठेवावे.