पिशवी काढली, मग आता काय दुखतंय?

"मॅडम, पिशवी काढून दीड वर्ष झालं. जी नाहीच ती दुखेल कशी, असं घरात सगळे विचारतात. मलाही वाटायला लागलंय, माझं मनच दुखणं शोधत असेल."

बेचाळिशीतल्या त्या अंगणवाडी सेविका एवढं बोलून गप्प झाल्या. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) एंडोमेट्रिओसिसचं निदान व्हायलाच त्यांची नऊ वर्षं गेली होती. 'पाळीत सगळ्यांनाच दुखतं' हेच तोवरचं औषध. ऑपरेशननंतर चार महिने बरे गेले आणि ओटीपोटात पुन्हा तीच कळ.

यजमान सोबत होते. माणूस वाईट नव्हता, दवाखान्यांना कंटाळला होता. मी त्यांच्यासमोर कागदावर चित्र काढलं. या आजारात गर्भाशयाच्या अस्तरासारख्या पेशी पिशवीच्या बाहेर रुजतात : बीजांडकोषावर, आतड्यावर, मूत्राशयावर. पिशवी निघाली तरी बाहेर रुजलेलं मागे राहू शकतं. त्यांचे बीजांडकोष ठेवले होते. या वयात हाडांसाठी, हृदयासाठी ते ठेवण्याला अर्थ असतो, पण त्यांच्यातलं इस्ट्रोजेन या पेशींनाही पोसतं. शिवाय आतले अवयव एकमेकांना चिकटतात, आणि वर्षानुवर्षं कळा सोसलेल्या नसा थोड्याशा ताणालाही बोंब मारतात. सोनोग्राफी नॉर्मल आली तरी बारीक ठिपके तिच्यात निसटतात. यजमानांनी कागदाची घडी करून खिशात ठेवली. पहिल्या भेटीत मला तेवढंच हवं होतं.

ताईंना वही ठेवायला सांगितली : कधी दुखलं, दहापैकी किती, त्याआधी काय केलं. (नव्याने रक्तस्राव, ताप, लघवी अडणं किंवा शौचातून रक्त असेल तर वही नको, थेट डॉक्टर.) तीन महिन्यांनी वही बोलू लागली. पाळी नसूनही दर महिन्याला चार-पाच दिवस कळ वाढत होती. शौचाला खडा झाला की वाढत होती. काही तारखांपुढे नुसती फुली होती. ती कशाची, हे त्यांनी यजमान बाहेर गेल्यावर सांगितलं. संबंधांच्या वेळी दुखतं हे त्या आजवर कोणत्याच डॉक्टरांशी बोलल्या नव्हत्या.

ती वही घेऊन त्या या आजाराच्या शस्त्रक्रियांचा अनुभव असलेल्या स्त्रीरोगतज्ज्ञांकडे गेल्या. एमआरआय झाला, डायनोजेस्टच्या (या पेशींची वाढ दाबणाऱ्या हार्मोनच्या) गोळ्या सुरू झाल्या, पुन्हा दुर्बिणीचं ऑपरेशन तूर्त लांबलं. फिजिओथेरपिस्टकडे वेगळंच निघालं. ताई मोबाइलवर बघून केगेल व्यायाम (ओटीपोटाच्या तळाचे स्नायू आवळण्याचे) करत होत्या, आणि त्यांचे तिथले स्नायू मुळातच आवळलेले. त्यांना शिकायचं होतं ते सैल सोडणं. मोबाइलवरच्या सल्ल्यांवर माझा राग आहे तो असा.

माझ्याकडचं काम मात्र कामाच्या हिशेबावर अडलं. बऱ्या दिवशी साचलेलं सगळं उपसायचं आणि पुढचे दोन दिवस आडवं पडायचं, ही त्यांची रीत. आम्ही ठरवलं, वीस मिनिटं काम, मग टेकायचं. बरं वाटत असलं तरी टेकायचं. "धडधाकट दिसताना बसलं की सासूबाई बघतात," त्या म्हणाल्या. यावर आम्ही चार भेटी घालवल्या.

दुखणं गेलेलं नाही. सातवरचे आकडे वहीत कमी झालेत. यंदा दिवाळीला त्यांनी चिवडा तेवढा घरी केला, चकल्या विकत आणल्या. सासूबाई दोन दिवस कुरकुरल्या. चकल्या संपल्या.