नव्या टाईल्स, जुनी इमारत: नागपुरात वन बीएचके घेणाऱ्यांचे प्रश्न

पोरांचं शिक्षण, म्हाताऱ्या माणसांचा दवाखाना, नाहीतर निवृत्तीनंतरची सोय म्हणून नागपुरात लहानसा फ्लॅट घ्यायचा विचार गावोगावचे वाचक करत आहेत. त्यातल्या निवडक पत्रांना इथे उत्तरं दिली आहेत.

प्रश्न: आम्ही आर्वी तालुक्यातले. मानेवाड्याकडे सोसायटीतला वन बीएचके पाहिला. इमारत तीस वर्षांची, माळा तिसरा आणि शेवटचा. आतून सगळं नवं करून विकून राहिले: टाईल्स, ओटा, पीओपी, रंग. दलाल म्हणतो, आजच इसार द्या. काय काय तपासावं?

उत्तर: इसार आज देऊ नका. नूतनीकरण केलेल्या घरात जे दिसतं ते नवं असतं आणि जे घर धरून ठेवतं ते जुनंच असतं, म्हणून तपासणी झाकलेल्या गोष्टींची करायची.

सुरुवात पीओपीपासून करा. शेवटच्या माळ्यावर सीलिंगमागे बरेचदा गळका किंवा पोपडे सुटलेला स्लॅब झाकलेला असतो. एखादा एलईडी दिवा काढायला लावा, तो स्प्रिंगवर बसवलेला असतो आणि दोन मिनिटांत निघतो. त्या भोकातून बॅटरी आणि मोबाईलचा कॅमेरा आत घाला. स्लॅबवर तांबूस रेघा दिसल्या तर आतल्या सळ्या गंजल्या आहेत असं समजा. गंजलेली सळई फुगते आणि खालचं काँक्रीट ढकलून पाडते. हे काम रंगाने दबत नाही. मालक दिवा काढू देत नसेल तर तेवढ्यावरून काय समजायचं ते समजा. मग गच्चीवर जा. पाण्याची टाकी आणि पाईप बाहेर पडतात त्या जागा पाहा, गळती बहुधा तिथूनच सुरू होते.

दरवाजे खालून पाहा. जुन्या फरशीवरच नवी टाईल बसवली असेल तर दरवाजा अडतो, म्हणून सुतार तो खालून कापतो. त्या कडेला लाकूड कच्चं, बिनरंगाचं दिसतं. चिकटद्रव्याने बसवलेल्या टाईलचं वजन फार नसतं. पण इंचभर मसाला टाकून बसवली असेल तर चौरस मीटरला साधारण ७० किलो वाढतात, म्हणजे १० बाय १२ च्या एका खोलीत पाऊण टनाहून जास्त. तीस वर्षांच्या स्लॅबवर हे वजन उगाच नको. टाईल नाण्याने ठोकत चला. जिथे पोकळ आवाज येतो तिथली टाईल वर्षा-दोन वर्षांत सुटते.

बाथरूमची जमीन बाहेरच्या खोलीपेक्षा खाली हवी. टाईलवर टाईल केल्यावर ती समपातळीत येते आणि पाणी खोलीत शिरतं. पाणी जायची जाळी बंद करून दोन इंच पाणी २४ तास साठवून ठेवायला सांगा. दुसऱ्या दिवशी खालच्या माळ्यावरच्या शेजाऱ्याकडे जाऊन त्यांच्या बाथरूमचं छत बघा आणि त्यांना आधीचा अनुभवही विचारा. शेजारी बहुतेक वेळा खरं सांगतात, कारण गळतीचा त्रास त्यांनीच सोसलेला असतो.

‘ओपन किचन’ केलं असेल तर कोणती भिंत काढली ते मंजूर नकाशावर शोधा. साडेचार इंची भिंत सहसा आडोशाची असते. पण जुन्या तीन माळ्यांच्या इमारतींत ९ इंची भिंतीच भार पेलतात. तशी भिंत पाडली असेल तर तो फ्लॅट घेऊच नका, भाव कितीही कमी असो. बाल्कनी बंद करून खोली वाढवली असेल तर ते क्षेत्र नकाशात नसतं. त्याचे पैसे द्यायचे नाहीत.

विजेसाठी तारतंत्री (वायरमन) सोबत न्या आणि एक बोर्ड उघडायला लावा. दिव्यांना १.५, प्लगना २.५, गीझर-एसीला ४ चौ. मिमी तांब्याची तार हवी. नवे स्विच आणि मागे जुनी ॲल्युमिनियमची तार हा प्रकार सर्रास आढळतो. जोडावर ती तापते आणि बोर्ड जळतो. वीज गळाली की पुरवठा तोडणारं ३० मिलिअँपिअरचं आरसीसीबी आहे का, अर्थिंग खरंच जोडलेलं आहे का, तेही पाहा. महावितरणच्या बिलावर मंजूर भार लिहिलेला असतो. तो १ किलोवॅट असेल आणि तुम्हाला गीझर व एसी दोन्ही चालवायचे असतील तर भार वाढवून घ्यावा लागेल.

शेवटचं, आणि आपल्याकडे सगळ्यात महत्त्वाचं: कूलर. जुन्या लाकडी खिडक्या काढून सरकत्या बसवल्या की खिडकी अर्धीच उघडते आणि कूलरचं तोंड बसत नाही. शिवाय कूलरची हवा समोरच्या बाजूने बाहेर जायला वाट लागते. ती नसली की घरात नुसता दमटपणा साठतो. पश्चिमेची भिंत असलेला शेवटच्या माळ्याचा फ्लॅट मे महिन्यात रात्रीही तापलेला राहतो, म्हणून असं घर दुपारी तीन-चारच्या दरम्यान पाहावं. सकाळी नळाच्या वेळेला पुन्हा एक फेरी मारा, पाण्याचा जोर कळेल. मोठा कूलर उन्हाळ्यात दिवसाला शंभरेक लिटर पाणी सहज पितो.

प्रश्न: दलाल ‘सोसायटीचा फ्लॅट’ म्हणतो, विकणारा ‘अपार्टमेंट डीड’ दाखवतो. दोन्ही एकच काय? (पांढरकवडा)

उत्तर: एक नाहीत. नागपुरात हा घोळ फार होतो, म्हणून नीट समजून घ्या.

सहकारी गृहनिर्माण संस्था महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम १९६० खाली नोंदलेली असते. जमीन व इमारत संस्थेच्या नावावर असायला हवी आणि तुम्हाला सभासदत्व, भाग आणि फ्लॅटचा ताबा मिळतो. इथे मूळ भाग दाखला, म्हणजे शेअर सर्टिफिकेट, हातात घेऊन पाहायचं आणि त्यामागच्या हस्तांतराच्या नोंदी वाचायच्या. सोबत संस्थेचा थकबाकी नसल्याचा दाखला घ्यायचा.

अपार्टमेंट डीड हे १९७० च्या महाराष्ट्र अपार्टमेंट मालकी अधिनियमाखालचं असतं. बांधणाऱ्याने घोषणापत्र नोंदवलेलं असतं आणि प्रत्येक फ्लॅटला जमिनीत ठरावीक टक्के अविभक्त वाटा असतो. इथे भाग दाखला नसतोच. घोषणापत्राची प्रत मागा आणि त्यातला टक्का तुमच्या डीडमध्ये तेवढाच आहे का ते जुळवा. गच्ची व पार्किंगबद्दल त्यात काय लिहिलंय तेही वाचा.

नाव काहीही असो, जमीन कोणाची हे सिटी सर्व्हेच्या आखीव पत्रिकेवर (प्रॉपर्टी कार्डवर) पाहायचं. सोसायटी असूनही पत्रिकेवर बिल्डरचं किंवा मूळ मालकाचं नाव असेल, तर अभिहस्तांतरण, म्हणजे जमीन संस्थेच्या नावावर करून देणं, झालेलं नाही. उद्या इमारत पाडून नवी बांधायची वेळ आली की तिथे अडेल. बिल्डर किंवा मालक ते करून देत नसेल तर मानीव अभिहस्तांतरणाचा मार्ग आहे, पण तो सोसायटीने चालवायचा असतो. सोसायटीने अर्ज केलाय का, एवढं विचारा. जमीन नझूलची (सरकारी) किंवा नागपूर सुधार प्रन्यासच्या पट्ट्याची (लीजची) असेल तर पट्ट्याची मुदत आणि नूतनीकरण पाहा. गुंठेवारीतल्या, म्हणजे परवानगीशिवाय तुकडे पाडलेल्या, लेआउटवर इमारत असेल तर भूखंडाचं आर.एल. लेटर (नियमितीकरणाचं पत्र) मागा. म्हाडाची इमारत असेल तर हस्तांतराला म्हाडाची परवानगी लागते.

वकिलाकडून दुय्यम निबंधक कार्यालयातला ३० वर्षांचा शोध घ्या. शेवटची सूची क्रमांक २ (इंडेक्स टू, नोंदलेल्या खताचा गोषवारा) विकणाऱ्याच्या नावावरच हवी.

संस्थेला स्ट्रक्चरल ऑडिटचा, म्हणजे इमारतीच्या मजबुतीच्या तपासणीचा, अहवालही मागा. आदर्श उपविधींप्रमाणे १५ ते ३० वर्षांच्या इमारतीचं दर ५ वर्षांनी आणि ३० वर्षांवरच्या इमारतीचं दर ३ वर्षांनी ऑडिट व्हायला हवं.

प्रश्न: सोसायटीचे सचिव नाव चढवायला एक लाख ‘विकास निधी’ मागतात. द्यावा का? (दर्यापूर)

उत्तर: नाही. २००१ च्या शासन आदेशानुसार हस्तांतर अधिमूल्य (ट्रान्सफर प्रीमियम) महापालिका हद्दीत जास्तीत जास्त २५,००० रुपये आहे. अ वर्ग नगरपालिकेत २०,०००, ब वर्गात १५,०००, क वर्गात १०,००० आणि ग्रामपंचायतीत ५,०००. त्यावर हस्तांतर शुल्क ५०० आणि प्रवेश शुल्क १०० रुपये. देणगी, विकास निधी, रंगकाम अशा कोणत्याही नावाने त्याहून जास्त घेता येत नाही. कुटुंबातल्या माणसाच्या नावावर करायचं असेल तर अधिमूल्य लागतच नाही.

मागणी लेखी द्यायला सांगा. बहुतेक ठिकाणी तिथेच विषय संपतो. संपला नाही तर सहकारी संस्थांच्या उपनिबंधकांकडे तक्रार करा. लक्षात ठेवा, ही मर्यादा सहकारी संस्थेला आहे. अपार्टमेंट असोसिएशन असेल तर तिचे स्वतःचे उपविधी पाहावे लागतात.

प्रश्न: विकणाऱ्याचे वडील वारले. भाग दाखल्यावर त्यांचं नाव आणि नॉमिनी म्हणून याचं. दोन बहिणी लग्न होऊन गेल्या. एकट्याची सही चालेल का? (चामोर्शी)

उत्तर: चालणार नाही. नॉमिनी हा मालक नसतो, तो वारसांच्या वतीने सांभाळणारा असतो. वडिलांनी मृत्युपत्र केलेलं नसेल तर बहिणींचा आणि आई हयात असेल तर तिचाही हक्क आहे. विक्रीखतावर सगळ्यांच्या सह्या घ्या, किंवा त्यांचं नोंदणीकृत हक्कसोडपत्र आधी करून घ्यायला सांगा. नुसत्या स्टॅम्पवरचं संमतिपत्र पुरत नाही.

प्रश्न: गावाकडची तीन एकर विकून २२ लाखांचा फ्लॅट घेतोय. वरचा खर्च किती आणि विकणारा निम्मे रोख मागतो, त्याचं काय? (सावनेर)

उत्तर: मुद्रांक शुल्क अधिभारासह सुमारे ७ टक्के धरा, म्हणजे दीड लाखाच्या थोडं वर. नोंदणी फी १ टक्का, कमाल ३०,०००, म्हणून तुम्हाला २२,०००. घर फक्त पत्नीच्या किंवा मुलीच्या नावावर घेतलं तर शुल्कात १ टक्का सूट मिळते. नवऱ्यासोबत जोडनावावर घेतलं तर ती मिळत नाही. शुल्क व्यवहाराची रक्कम आणि वार्षिक मूल्य दर तक्त्यातली (रेडी रेकनरमधली) सरकारी किंमत यातल्या मोठ्या आकड्यावर लागतं. तक्ता आधी पाहून घ्या. हे दर नव्या आर्थिक वर्षात बदलू शकतात. वकील, दलाल आणि सोसायटीचं धरून आणखी पन्नासेक हजार हाताशी ठेवा.

रोख देऊ नका. स्थावर व्यवहारात २०,००० किंवा त्याहून जास्त रोख घेणाऱ्याला तेवढाच दंड आहे. तुमचं नुकसान वेगळंच: खतात ११ लाखच लिहिले तर बँक कर्ज तेवढ्यावरच मोजेल आणि पुढे तुम्ही विकाल तेव्हा कागदावरचा नफा फुगून कर तुमच्यावर येईल. इसारही धनादेशाने किंवा ऑनलाइन द्या. इसारपावतीत कागद सदोष निघाल्यास परतफेडीची तारीख लिहून घ्या.

शेतीच्या पैशाबद्दल: जमीन नगरपालिका हद्दीबाहेर ठरावीक अंतरापलीकडे असेल तर त्या विक्रीवर भांडवली नफ्याचा कर लागत नाही. हे अंतर त्या नगरपालिकेच्या लोकसंख्येप्रमाणे २, ६ किंवा ८ किलोमीटर असतं आणि ते हवाई, म्हणजे सरळ रेषेत, मोजलं जातं. सावनेरसारख्या गावाजवळची जमीन या रेषेच्या आत येऊ शकते. म्हणून शेताचं खत करण्याआधीच तलाठ्याचा अंतराचा दाखला घेऊन सीएला दाखवा. कर लागत असेल तरी विक्रीनंतर २ वर्षांच्या आत राहतं घर घेतल्यास अटींवर सवलत मिळते. शेताची विक्री आणि फ्लॅटची खरेदी यांच्या तारखा त्या हिशेबाने ठरवा.