पहिली-दुसरीच्या मुलांकडून शाळेची भिंत रंगवून घ्यायची आहे. कोणते रंग घ्यावेत, आणि चित्र नीटनेटकं कसं येईल?

'नीटनेटकं' वाचलं आणि राहवलं नाही.

मी कलाशिक्षिका. काही वर्षांपूर्वी दुसरीच्या 40 मुलांना घेऊन व्हरांड्याची भिंत रंगवली. विषय होता नदी. प्रत्येकाने आपला मासा आधी कागदावर काढला, मग खडूने भिंतीवर, मग रंग. एका वेळी पाचच मुलं, तीही वीसेक मिनिटं. या वयाला त्याहून जास्त झेपत नाही. एका मुलीच्या जांभळ्या माशाला पाय होते. का म्हणून विचारलं, तर म्हणाली, नदी आटली की त्याला चालत जावं लागतं ना. आठवडाभर येणाऱ्याजाणाऱ्याला हाताला धरून ती तो मासा दाखवत होती.

सोमवारी शाळेत येऊन बघते, तर एका सहकारी सरांनी सगळ्या माशांना काळी रेघ मारून ते सारखे केलेले. कार्यक्रमाला पाहुणे येणार होते. पायांवर निळा रंग फिरला होता. ती मुलगी भिंतीसमोर उभी राहून मला विचारते, "बाई, माझा मासा कुठंय?" मासा तिच्या समोरच होता.

सर म्हणाले, भिंत शाळेची आहे. मी तेव्हा गप्प बसले. आता सांगते, भिंत शाळेची असली तरी चित्र मुलांचं असतं. स्वच्छ रेषा हवी असेल तर पेंटरला बोलवा, मुलांना राबवू नका.

रंग म्हणाल तर पाण्यात मिसळणारं अ‍ॅक्रिलिक इमल्शन, उघड्यावरच्या भिंतीला बाहेरच्या कामाचंच. ऑइलपेंट नको, तो पातळ करायला टर्पेंटाइन लागतं, आणि त्याची वाफ मुलांना बरी नाही. भिंतीला ओल असेल तर आधी तिचा बंदोबस्त करा. चुना असेल तर खरवडून प्रायमर, म्हणजे रंगाआधीचा अस्तराचा हात, मारा, नाहीतर पोपडे निघतात. पेल्यात बोटभरच रंग द्या. अंगावर जुने शर्ट हवेत, अ‍ॅक्रिलिक वाळलं की कपड्यावरून निघत नाही. मुलांचा हात पोचेल तेवढ्याच उंचीवर चित्र.

सगळंच मुलांवर सोडा, असं मात्र मी म्हणत नाही. मागचं पाणी-आकाश मोठ्यांनीच आधी रंगवून वाळू द्यावं. ओघळ आला तर लगेच ओल्या फडक्याने टिपावा.

आणि उरलेले रंग, ब्रश त्याच दिवशी कपाटात ठेवून कुलूप लावा. मी ते भिंतीपाशीच ठेवून घरी गेले होते.