कॉलेजमागची ‘पडीक’ जागा: आधी वर्षभर बघा, मग प्लॅन काढा

यावेळी कॅम्पसवाल्यांचे प्रश्न एकत्र घेतलेत, कारण पहिला पाऊस पडला की झाडं लावायची घाई सगळीकडे एकदम सुटते आणि पत्रंही त्याच सुमारास येतात. काही पत्रं लांबलचक होती, ती थोडी कापलीयेत.

प्रश्न: नमस्कार ताई, मी सोलापूर जिल्ह्यात एका तालुक्याच्या कॉलेजात बॉटनी शिकवते. लायब्ररीच्या मागे दीडेक एकर मोकळी जागा आहे, गवत, बाभळी, बोरी, दोन-तीन जुने कडुनिंब आणि कोपऱ्यात एक वड. संस्थेला तिथे गार्डन करायचंय, तेही नॅकची (कॉलेजांचा दर्जा ठरवणाऱ्या संस्थेची) टीम यायच्या आत. मी मुलांकडून ‘२०४५ मधलं आपलं कॅम्पस’ अशी चित्रं काढून घेतली तर जवळपास प्रत्येक चित्रात कारंजं, लॉन, सेल्फी पॉइंट आणि लाल बदामवाला ‘आय लव्ह’ बोर्ड! बाभूळ एकानेही काढली नाही. आता यातून प्लॅन कसा करू?

उत्तर: मॅडम, मुलांना बोलू नका, त्यांनी बघितलेली बाग म्हणजे मंगल कार्यालयाचं लॉन आणि हायवेवरचं गार्डन रेस्टॉरंट, मग कागदावर तेच उतरणार ना. आणि खरं सांगू का, आर्किटेक्टकडून प्लॅन मागवला असता तरी साधारण हेच आलं असतं, फक्त थ्रीडीमध्ये आणि बिल लावून. चित्रं ठेवून द्या, फेकू नका, वर्षानं परत लागतील. तोपर्यंत मुलांना त्या जागेत पाठवा, आणि नुसतं ‘निरीक्षण करा’ असं मोघम सांगून नाही, ठरवून.

सगळ्यात आधी त्यांना बाभळीखाली वाकून बघायला लावा. काट्याकुट्यात कडुनिंबाची रोपं उगवलेली दिसतील, बोरीची, एखादं चिंचेचंही. पक्षी लिंबोळ्या खाऊन बाभळीवर बसतात, बी खाली पडतं, आणि काट्यात शेळी तोंड घालत नाही म्हणून ते रोप जगतं. म्हणजे २०४५ चं तुमचं कॅम्पस आत्ताच तिथे गुडघ्याएवढं उभं आहे, ना खड्डा खणावा लागला ना टँकर मागवावा लागला, आणि जेसीबी आला की पहिल्या अर्ध्या तासात तेच जाणार. म्हणून अशी रोपं आधी मोजा, शेजारी काठी रोवून चिंधी बांधा, आणि ‘झुडपं साफ करा’ म्हणणाऱ्या साहेबांना एकदा तिथे घेऊन जा. फोटो पाठवून काही होत नाही, स्वतः वाकल्याशिवाय दिसत नाही ते.

मग प्रत्येकाला एक झाड द्या. आठवड्यातून एकदा त्याच झाडापाशी जायचं आणि पानं, फुलं, फळं यांच्यापुढे फक्त ‘नाही, थोडी, भरपूर’ एवढंच लिहायचं. सीझनवॉच नावाचा उपक्रम देशभर असंच करतो, तिथे झाडाची नोंदणी करून माहिती टाकता येते, पण नेट नसेल तर साधी वही चालेल. कडुनिंब फेब्रुवारी-मार्चमध्ये पान गाळतो, मग तांबूस पालवी, मग बारीक पांढरा मोहर, आणि जून-जुलैत खाली लिंबोळ्यांचा सडा. हे शिकवायला तुम्हाला मिनिट लागतं, पण स्वतःच्या वहीत उतरवलेलं असलं की त्या झाडाला हात लावायला मुलं कुणाला देत नाहीत, हा फायदा कुठल्या सिलॅबसमध्ये लिहिलेला नसतो. फेब्रुवारीत कॅम्पस बर्ड काउंट असतो, ग्रेट बॅकयार्ड बर्ड काउंटच्या चार दिवसांत, किमान पंधरा मिनिटं थांबून दिसलेल्या पक्ष्यांची यादी करायची, तोही घ्या.

वठलेली फांदी मात्र लगेच छाटू नका. तांबट पक्षी अशाच फांदीत घर कोरतो, आणि भोक शक्यतो खालच्या बाजूनं पाडतो म्हणजे पाऊस आत जात नाही. टुक-टुक आवाज दिवसभर येत असतो पण भोक शोधायला मान मोडेस्तोवर वर बघावं लागतं, मुलांना हे फार आवडतं. आणि जिथे नुसती खडी आणि बुटकं गवत दिसतंय, ‘इथे काहीच नाही’ असं ज्या तुकड्याला सगळे म्हणतात, तिथे मार्चनंतर टिटवी अंडी घालते, खड्यांत खड्यासारखीच. तुमचा जिल्हा मुळात माळरानांचा, नान्नजचं माळढोक अभयारण्य तुमच्याच जिल्ह्यात, त्यामुळे गवत दिसलं की ‘पडीक’ म्हणायची सवय सोलापूरकरांनी तरी सोडायला हरकत नाही.

पाणी आणि सावली या दोन गोष्टी बॉटनीवाले हमखास विसरतात. पहिल्या मोठ्या पावसात छत्री घेऊन बाहेर पडा, पाणी कुठून येतं, कुठे तुंबतं, कुठून निघून जातं ते चालून बघा आणि तिथे विटा ठेवून द्या, कारण दुसऱ्या दिवशी काही आठवत नाही. सावलीचं असं की मे महिन्यात आपल्याकडे सूर्य भर दुपारी डोक्यावर येतो, इमारतीची सावली जवळजवळ नसतेच, असते ती झाडाचीच. उलट डिसेंबरच्या शेवटी दुपारी बारालाही इमारतीच्या उत्तरेला तिच्या उंचीच्या जवळपास लांबीची सावली पडलेली असते. लायब्ररीच्या उत्तरेला लॉन किंवा फुलझाडं टाकणार असाल तर थंडीतली ही सावली आधी चुन्यानं आखून बघा. आणि मुलं कुठून शॉर्टकट मारतात त्या पायवाटाही आखा, रस्ता करायचाच झाला तर तिथेच करा, नाहीतर पेव्हर ब्लॉक एकीकडे राहतात आणि पोरं चालतात दुसरीकडे.

आता कल्पनेचा भाग. कागदावर झाड म्हणजे एक हिरवा ठिपका असतो, म्हणून माणसं दहा फुटांवर वड लावतात. तुम्ही दोरी घ्या आणि जमिनीवर खऱ्या मापाचं वर्तुळ आखा. बहाव्याला चार-पाच मीटरची दोरी पुरते, वडाला दहा-बारा मीटर घेऊनही कमी पडेल. त्या वर्तुळाच्या कडेनं मुलांना उभं करा, ‘हे झाड वीस-पंचवीस वर्षांनी इथपर्यंत येणार’ असं सांगा, मग बघा, अर्ध्या मुलांची पाठ भिंतीला लागते, दोन जण पार्किंगमध्ये, एक विजेच्या तारेखाली. एवढं झालं की बहुतेक प्लॅन आपोआप सुधारतो.

नॅकचं टेन्शन घेऊ नका. त्यांच्या निकषांत पर्यावरण, ग्रीन ऑडिट हे सगळं येतं, तिथे वर्षभराच्या नोंदवह्या दाखवा, परवाच आणून ठेवलेल्या कुंड्यांपेक्षा त्या नक्कीच बऱ्या दिसतील. संस्थाचालकांना मात्र एक ‘दिसणारं’ काम द्यावं लागेल, वडाला पार बांधून द्या म्हणावं, दगडाचा, मातीनं भरलेला, खोडाला सिमेंट न लावता. बोर्डवर नाव त्यांचं.

प्रश्न: ताई, मी पुण्यात हॉस्टेलला राहतो, मागच्या टेकडीवर सगळं ग्लिरिसिडिया आणि सुबाभूळ. एनएसएसच्या ग्रुपवर भांडण पेटलंय, काही जण म्हणतात परदेशी झाडं सगळी तोडा आणि देशी लावा, काही म्हणतात झाड ते झाड. तुमचं मत?

उत्तर: अरे, दोघंही थोडे थोडे चूक आहेत. पुण्याच्या टेकड्यांवर ग्लिरिसिडिया, म्हणजे आपलं गिरिपुष्प, पटकन हिरवं दिसावं म्हणून लावलं गेलं, मूळचं मध्य अमेरिकेतलं. त्याची नुसती तोड केलीस तर बुंध्यातून दुप्पट फुटवे येतात, म्हणजे तुमचा रविवार वाया आणि झाड खूश. सुबाभूळ शेंगांतून बी उधळत राहते, तिचा बंदोबस्त आधी, रोप लहान असताना उपटणं सगळ्यात स्वस्त. गुलमोहर मादागास्करचा आहे म्हणून त्याच्या मागे कुऱ्हाड घेऊन लागायचं काही कारण नाही, तो असा पसरत नाही, वादळात फांद्या टाकतो एवढंच.

मी असं करेन: ग्लिरिसिडियाच्या सावलीत देशी रोपं वाढू द्यायची आणि ती डोक्यावर गेली की वरची फांदी हळूहळू विरळ करायची, एकदम उघडं पाडायचं नाही. जानेवारी-फेब्रुवारीत ग्लिरिसिडियाला पान नसतं, नुसती गुलाबी फुलं, तेव्हा तिथे शिंजीर (फुलांतला मध पिणारे छोटे पक्षी) येतात का ते बघून ठेव, भांडणात दोन्ही बाजूंना उपयोगी पडेल. आणि छाटणीसुद्धा परस्पर करू नका, महापालिकेच्या हद्दीत १९७५ चा झाडांच्या संरक्षणाचा कायदा लागतो, २०२१ च्या दुरुस्तीनंतर पन्नास वर्षांच्या पुढचं झाड तर ‘वारसा वृक्ष’ ठरतं. टेकडी वनखात्याची असेल तर परवानगीही त्यांचीच.

बाकी जमलं तर परवानगी काढून गणेशखिंडचं बोटॅनिकल गार्डन बघून ये. १८७३ ची बाग, कृषी विद्यापीठाच्या ताब्यात, आणि २०२० मध्ये तिला राज्य सरकारनं जैवविविधता वारसा स्थळ जाहीर केलं. भर शहरात, एका शिक्षणसंस्थेच्या हातात राहिलेली जमीन दीडशे वर्षं टिकली तर कशी दिसते ते तिथे कळतं, ग्रुपवरचे फॉरवर्ड वाचून नाही कळणार.

प्रश्न: आम्ही अमेरिकेत, बे एरियात राहणारे माजी विद्यार्थी, आमचं इंजिनीअरिंग कॉलेज नाशिककडे एका माळावर आहे. ग्रुपनं पैसे जमवलेत, कॅम्पसवर १००० झाडांचं मियावाकी जंगल करायचं ठरतंय. तिथे सध्या नुसतं गवत आहे. काही सूचना?

उत्तर: पैसे जमवलेत याचं कौतुक, पण जरा थांबा. मियावाकी पद्धतीत एका चौरस मीटरला तीन ते पाच रोपं लावतात, म्हणजे तुमची १००० झाडं साधारण अडीच गुंठ्यांत बसली. बॅनरवर जंगल, प्रत्यक्षात अडीच गुंठे! जपानी शास्त्रज्ञ अकिरा मियावाकींनी ही पद्धत जिथे मुळात जंगल असायला हवं अशा जागांसाठी बसवली होती, आणि माळ म्हणजे जंगल तोडून उरलेली जागा असं सगळीकडे नसतं. मातीचा थर वीतभर, खाली मुरूम, तिथे जेसीबीनं खणून, शेणखत-भुसा भरून, दोन-तीन वर्षं पाणी देत बसायचं, आणि त्यासाठी घालवायचं काय तर कुसळी, मारवेल ही गवतं, चंडोल पक्षी, ससे. गवत ‘नुसतं’ नसतं हो.

पहिल्या वर्षी कुणी स्थानिक गवत ओळखणारा माणूस शोधा आणि पावसाळ्यानंतर, सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये, त्याला माळावर फिरवा. हॉस्टेल, कँटीन, रस्त्याच्या कडेला सावली हवीच आहे, तिथे झाडं लावा ना, करंज, कडुनिंब, बहावा, पण माळाचा मोठा तुकडा माळच राहू द्या, फक्त वणवा लागू नये म्हणून कडेनं जाळरेषा (गवत काढून मोकळी ठेवलेली पट्टी) काढायला पैसे द्या. आणि उरलेले पैसे पाण्यावर घाला. कोल्हापूरचं शिवाजी विद्यापीठ बघा, ८५३ एकरांचा परिसर, तळी आणि विहिरी राखून पाण्याच्या बाबतीत त्यांनी स्वतःच्या पायावर उभं राहून दाखवलं, शिवाय तिथल्या बोटॅनिकल गार्डनमध्ये कंदीलपुष्पासारख्या दुर्मीळ जाती जपल्यात, ज्या बऱ्याचशा कडेकपारीतल्या, गवताळ जागेतल्या आहेत. तळं काय, फोटोत जंगलाइतकं भारी दिसत नाही, मान्य, पण तुमच्या नावाची पाटी तिथेही लागते.

प्रश्न: मी एका कॉलेजात माळी आहे, माझ्या पोराकडून लिहून घेतोय. साहेब म्हणतात पाला रोज झाडून पेटवायचा, नाहीतर साप होतात. झाडाच्या बुंध्यापर्यंत फरशी बसवलीय, आता दोन झाडं वाळायला लागली. मी काय सांगू त्यांना?

उत्तर: काका, पाला पेटवू नका. धुराचा त्रास हॉस्टेललाच होतो आणि महापालिका हद्दीत उघड्यावर कचरा जाळणं दंडाचं काम आहे, हे साहेबांना सांगा, दंड म्हटलं की ऐकतात. रस्त्यावरचा, वर्गापुढचा पाला झाडाच, पण तो झाडाखालीच आळं करून पसरा, बुंध्याला चिकटवून नको, हातभर सोडून. उरलेला एका कोपऱ्यात विटांच्या हौदात, थोडं शेण आणि पाणी, पावसाळा संपेपर्यंत खत होतं आणि कुंड्यांसाठी विकतची माती आणावी लागत नाही.

फरशीचं: दिल्लीच्या बाबतीत राष्ट्रीय हरित लवादानं २०१३ मध्येच सांगितलं की खोडाभोवती एक मीटर जागा सिमेंटमुक्त ठेवा. साहेबांना हा आकडा सांगा आणि त्या दोन झाडांभोवतीची फरशी उन्हाळ्याच्या आत उचलून घ्या, पहारीनं मुळं दुखवू नका, हातानं माती मोकळी करा. पान परत येतं का ते दोन पावसाळे बघा, घाईनं तोडू देऊ नका.

सापाचं म्हणाल तर साप येतो तो उंदरामागे, आणि उंदीर येतो कँटीनच्या खरकट्यामागे. आधी ते बंद करायला लावा. पाल्याचा ढीग पायवाटेपासून लांब ठेवा, हात घालायच्या आधी काठीनं हलवा, बूट घाला, आणि गावातल्या सर्पमित्राचा नंबर ऑफिसच्या दारावर लावून ठेवा. आणि अजून एक, वर सोलापूरच्या मॅडमना मी जे वर्षभर लिहायला सांगितलंय ना, त्यातलं निम्मं तुम्हाला तोंडपाठ असणार, कुठलं झाड कधी फुटतं, पाणी कुठे तुंबतं. तर पोराला वही आणायला सांगा, तुम्ही सांगा, त्याला लिहू द्या, आणि पुढच्या वेळी नवीन झाडं कुठे लावायची यावर मीटिंग होईल तेव्हा ती वही घेऊन आत जा, बोलावलं नसलं तरी.